अंगातील शक्ती येते कोठून?

(मंडळाच्या वर्धापनदिनी भातकुली येथे केलेले भाषण)



 मी काही वक्ती नव्हे. सारा जन्म मुलींना शास्त्र शिकविण्यात गेला, त्यामुळे हातात खडू आणि पाठीशी फळा नसला की मला बोलायला सुचत नाही. चिटणीसबाईंनी पत्रात लिहिले होते, “विषय तुमच्या आवडीचा घ्या, पण आमच्या बायांना घरी उपयोगी पडेल असा घ्या.” या दोन्ही अटी पुऱ्या करणारा विषय कोणता, याचा मी आठ दिवस विचार करीत होते. शेवटी तो मला तुमच्यापैकीच एकीने दिला.

गेल्या महिन्यात मी येथे आले होते, तेव्हा काही जणी कार्यक्रमासाठी तांदूळ निवडीत बसल्या होत्या. एक वयस्क बाई मला म्हणाल्या, “बाई, मायी सून लयच सुस्त हाय पाहा. दोन भाकरी खाते, पण अंगात जीव म्हणून नाही.” सून शेजारीच होती. ती काही बोलली नाही, खाली मान घालून तांदूळ निवडीत राहिली. सासूबाईंच्या बोलण्यात राग नव्हता, नवल होते. खाल्लेले जाते कोठे? अंगात शक्ती येते कोठून, आणि खाऊनही ती येत नाही ती का? आजचे माझे भाषण म्हणजे त्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर आहे. ते थोडे लांबचे आहे, पण आडवळणाचे नाही.

भाकर पोटात गेली म्हणजे शक्ती मिळाली, असे आपण समजतो. ते पूर्ण खरे नव्हे. आपले शरीर लक्षावधी कोटी पेशींचे बनलेले आहे आणि शक्ती लागते ती या प्रत्येक पेशीला, तिच्या घरात. भाकरीचे पचन होऊन तिची साखर होते. ग्लुकोज म्हणतात ती हीच. रक्त ही साखर पेशीच्या दाराशी आणून टाकते. परंतु पेशीला ती जशीच्या तशी खर्चता येत नाही. दारात कापसाची गाडी उभी आहे म्हणून कोणी वाण्याकडे जाऊन कापसाच्या बदल्यात चिमूटभर मीठ मागत नाही. कापूस आधी विकावा लागतो, हातात सुटे पैसे यावे लागतात, मग मीठमिरची येते. तसेच पेशीचे आहे. साखर मोडून ती सुटी नाणी करून घेते आणि ती नाणी स्नायू हलविण्यास, विचार करण्यास, जखम भरण्यास खर्च करते. या नाण्याला शास्त्रज्ञ एटीपी म्हणतात. ते १९२९ साली सापडले. जर्मनीत कार्ल लोहमान यांना ते मिळाले आणि त्याच वर्षी अमेरिकेत हार्वर्ड येथे फिस्के व आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनाही मिळाले. सुब्बाराव हे आंध्रातील भीमवरमचे. त्यांचे नाव तेवढे ध्यानात ठेवा, ते पुढे पुन्हा यावयाचे आहे.

आता साखर मोडण्याच्या दोन रीती आहेत. आपल्या कापसासारख्याच. पैशाची नड असली की शेतकरी दारावर आलेल्या व्यापाऱ्याला कापूस देऊन टाकतो. आपण त्याला खेडा खरेदी म्हणतो. पैसा ताबडतोब मिळतो, पण भाव पडतो. दुसरा मार्ग म्हणजे गाडी जुंपून मोठ्या बाजारात जावे. वेळ लागतो, पण भाव पुरा मिळतो.

पेशीतील पहिली रीत खेडा खरेदीची. पेशीच्या पाण्यातच, उंबऱ्याशीच, साखरेच्या एका कणाचे दोन तुकडे होतात आणि पेशीला निव्वळ दोन नाणी मिळतात. याला प्राणवायू लागत नाही. दुसरी रीत मोठ्या बाजाराची. पेशीच्या आत अगदी बारीक, शेंगदाण्याच्या आकाराच्या पिशव्या असतात. त्यांना मायटोकाँड्रिया म्हणतात, मराठीत तंतुकणिका. साखरेचे ते दोन तुकडे तेथे गेले की त्यांची उरलीसुरली शक्तीही काढून घेतली जाते. मी शिकत असताना पुस्तकात लिहिलेले असे की, एका साखरकणापासून एकंदर ३६ किंवा ३८ नाणी होतात. पुढे हिशेब अधिक बारकाईने झाला आणि आता तो आकडा ३० ते ३२ च्या आसपास धरतात. तरीही कोठे दोन आणि कोठे तीस!

तंतुकणिकेच्या आत जे चालते ते ऐकून तुम्हांला नवल वाटेल. तिच्या आतील पडद्यावर लोहयुक्त प्रथिनांची एक रांग असते. साखरेतून निघालेले विजेचे सूक्ष्म कण या रांगेतून हातोहात पुढे जातात, आणि त्या शक्तीने पडद्याच्या एका बाजूला हायड्रोजनचे कण साठविले जातात, बांधामागे पाणी साठवावे तसे. हे साठलेले कण एका अरुंद दारातून परत आत येतात आणि येताना एक जाते फिरवितात. जाते हा शब्द मी अलंकार म्हणून वापरीत नाही. तो प्रथिनाचा रेणू खरोखरीच गरगर फिरतो, आणि १९९७ साली जपानी शास्त्रज्ञांनी त्याचे फिरणे सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिले. त्याच्या एका फेऱ्याला तीन नाणी बाहेर पडतात. आपल्या आज्या पहाटे दळीत असत. आपल्या अंगात मात्र ही जाती झोपेतही थांबत नाहीत.

मग यात प्राणवायूचे काम काय? तो त्या रांगेच्या अगदी शेवटी उभा असतो. हातोहात पुढे आलेले ते कण तो उचलतो आणि त्यांचे पाणी होते. बाजारातून रिकाम्या गाड्या बाहेर जाण्याची वाट म्हणा ना! ही वाट तुंबली की आतल्या गाड्या जागीच अडतात, बाहेरच्या आत शिरत नाहीत आणि साऱ्या बाजाराचे काम थांबते. आपण श्वास घेतो तो एवढ्यासाठी. नाकातून घेतलेला प्राणवायू शेवटी या वाटेवर खर्ची पडतो.

हे पुस्तकातले झाले. आता स्वयंपाकघरातले सांगते. मटकी आपण रात्री भिजत घालतो, सकाळी उपसतो आणि फडक्यात बांधून ठेवतो. दुसऱ्या दिवशी पुरचुंडीत हात घातला तर आत ऊब लागते आणि मोड आलेले असतात. ती ऊब दाण्यांच्या श्वासाची आहे. त्यांच्या पेशींतील तंतुकणिका जोराने कामाला लागल्या, त्यातील थोडी शक्ती उष्णतेच्या रूपाने बाहेर पडली. आता तीच मटकी दोन दिवस पाण्यातच बुडवून ठेवा. मोड धड येत नाहीत, पाण्याला फेस आणि आंबूस वास येतो. दाणा तोच, पाणी भरपूर, पण पाण्याखाली हवा फार थोडी. दाण्यांना दोन नाण्यांवर दिवस काढावे लागले, आणि उरलेसुरले त्या पाण्यात वाढलेल्या जंतूंनी आंबवून टाकले.

शेतातही हेच आहे, आणि ते तुम्ही माझ्याहून अधिक पाहिले आहे. आपला हा भाग खारपाणपट्ट्यातला. जमीन काळी, चिकण आणि पाण्याचा निचरा सावकाश. पावसाची झड लागली आणि कपाशीत पाणी साचून राहिले की चांगली हिरवीगार झाडे एकाएकी माना टाकतात. आकस्मिक मर म्हणतात ती हीच. झाड पाण्यात उभे असते आणि पाने पाण्याअभावी सुकतात! कारण मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. मातीतील हवेची जागा पाण्याने घेतली, तंतुकणिकांचा बाजार बंद पडला, आणि दोन नाण्यांच्या कमाईवर मुळांना पाणी वर खेचण्याचे काम झेपेना. अशा वेळी कोणी शेतकरी कपाशीला आळशी म्हणतो काय? तो कुदळ घेऊन बांधाकडे जातो आणि चर काढून पाणी बाहेर काढतो. भगिनींनो, आजच्या भाषणातील एवढीच एक गोष्ट तुम्ही घरी नेलीत तरी माझे येणे सार्थकी लागेल.

पण त्या पहिल्या, दोन नाण्यांच्या रीतीला केवळ हलकी समजू नये. नडीला तीच उपयोगी पडते. आपल्या अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले. त्याचे पथक १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी गेले होते आणि तेथे त्यांनी आपल्या देशी खेळांची, त्यांत कबड्डीचीही, प्रात्यक्षिके करून दाखविली. कबड्डीचा चढाईवाला एका दमात शब्द घोळवीत शत्रूच्या अंगणात शिरतो. दम बाहेर सोडणे चालू, आत घेणे बंद, आणि पाय तर विजेसारखे चालले पाहिजेत. अशा क्षणी मोठ्या बाजारातून रोकड येण्याची वाट पाहून भागत नाही. स्नायू आधी जवळची शिल्लक वापरतो, मग खेडा खरेदी सुरू करतो. साखर भराभर मोडते, थोडी नाणी ताबडतोब मिळतात आणि मागे दुग्धाम्ल उरते. गडी आपल्या अंगणात परत आला की धापा टाकतो तो हे देणे फेडण्यासाठी.

योग असा की, स्नायू, दुग्धाम्ल आणि प्राणवायू यांचा हा संबंध ज्यांनी उलगडला ते ऑटो मायरहोफ त्याच वेळी त्याच जर्मनीत, हायडेलबर्ग येथे काम करीत होते. लोहमान यांना एटीपी सापडले तेही त्यांच्याच प्रयोगशाळेत. मायरहोफ यांना १९२२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले होते. पण ते ज्यू होते, म्हणून १९३८ साली त्यांना तो देश सोडावा लागला. आणि त्या दुग्धाम्लाचे पुढे काय होते? ते वाया जात नाही. रक्तातून ते यकृतात जाते, तेथे त्याची पुन्हा साखर होते आणि ती स्नायूकडे परत येते. हे चक्र दाखवून दिले गेर्टी कोरी आणि त्यांचे पती कार्ल यांनी. १९४७ साली गेर्टीबाईंना नोबेल मिळाले. वैद्यकाचे नोबेल मिळविणारी ती पहिली स्त्री.

स्त्रियांचा विषय निघाला आहे, तर आणखी एक गोष्ट सांगून टाकते. या तंतुकणिका मुळात आपल्या नव्हतच. फार फार पूर्वी, शंभर कोटी वर्षांहूनही आधी, त्या स्वतंत्र सूक्ष्मजंतू होत्या. एका मोठ्या पेशीने त्यांना पोटात घेतले आणि त्या तेथेच नांदू लागल्या. हा विचार अमेरिकेतील लिन मार्ग्युलिस या बाईंनी १९६७ साली नेटाने मांडला, तेव्हा पुष्कळांनी तो हसण्यावारी नेला. आज तो पाठ्यपुस्तकात आहे. आणि या तंतुकणिका आपल्याला मिळतात त्या आईकडून. आईला तिच्या आईकडून, तिला तिच्या आईकडून. मुलगा असो वा मुलगी, ज्या शक्तीवर तो चालतो ती घडविणारी जाती त्याला माहेरच्या नव्हे, आजोळच्या वाटेने आलेली असतात. वंशाचा दिवा कोण, यावर वाद घालणाऱ्यांनी हेही कधी ऐकावे.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. हा प्राणवायू पेशीपर्यंत पोहोचवितो कोण? रक्तातील तांबड्या पेशी. दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक तांबड्या पेशी आपल्या हाडांतील मगजात जन्म घेतात आणि सुमारे १२० दिवस अंगभर हिंडतात. आणि गंमत अशी की, या पेशीत स्वतःची एकही तंतुकणिका नसते. साऱ्या शरीराला प्राणवायू वाटणारी ही पेशी स्वतः मात्र प्राणवायूवाचून, त्या दोन नाण्यांच्या कमाईवर आपला निर्वाह करते. तेवढ्यात ती आपला आकार सांभाळते आणि आत शिरणारे मीठ सारखे बाहेर फेकते.

असे का बरे? एक तर तंतुकणिका काढून टाकल्यामुळे माल भरायला जागा होते. दुसरे असे की, तंतुकणिका असत्या तर वाटेतच त्यांनी आणलेला प्राणवायू खाल्ला असता. धान्याची पोती वाहणाऱ्या गाडीवानाने वाटेत पोते फोडून खाऊ नये, तशी ही योजना आहे. वाढत्या वयात मगजात असताना तिच्याजवळ तंतुकणिका असतात. त्यांच्याच मदतीने ती लोहाचे कण बसवून हिमोग्लोबीन, म्हणजे प्राणवायू धरून ठेवणारा तांबडा पदार्थ, तयार करते. काम झाले की केंद्रही टाकून देते, तंतुकणिकाही टाकून देते आणि कामाला निघते. हे ऐकले की मला, सगळ्यांना वाढून झाल्यावर तव्यावर उरलेली भाकर खाणाऱ्या आमच्या आईची आठवण येते. पण पेशीला हा त्याग पेलतो, कारण तिची रचनाच तशी आहे. आपली रचना तशी नाही.

आता पाहा, लोह दोन ठिकाणी लागले. तांबड्या पेशीत प्राणवायू धरायला लागले, आणि तंतुकणिकेतील त्या हातोहात रांगेतही लागले. दर महिन्याच्या पाळीत, बाळंतपणात स्त्रीचे लोह जात असते, आणि जेवणातून तेवढे परत आले नाही तर दोन्हीकडून नुकसान होते. वाहणाऱ्या गाड्या कमी आणि बाजारात माणसेही कमी. ताटात भाकर असते, पोटात जाते, तिची साखर होऊन ती पेशीच्या दाराशीही येते. पण पेशीची स्थिती त्या पाण्यात उभ्या कपाशीसारखी होते. जिना चढला की धाप, हंडा उचलला की छातीत धडधड, दुपारी डोळ्यांवर झापड. हृदय बिचारे थोड्या गाड्यांच्या दुप्पट खेपा करून वेळ निभावून नेते, म्हणून बाई उभी असते. आणि घर म्हणते, सुस्त आहे.

हे मी कोणाला दोष देण्यासाठी सांगत नाही. दोष माझ्याच पदरी आहे. मी नोकरीला लागले त्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. माझ्या नववीच्या वर्गात एक मुलगी होती. शेवटच्या बाकावर बसे आणि तिसऱ्या तासाला पेंगू लागे. मी तिला झोपाळू म्हणत असे. वर्ग हसे. मग वर्गही तिला तेच म्हणू लागला. एकदा मी तिला फळ्यापाशी बोलावून पेशीची आकृती काढायला लावली. तिने काढली, बरोबर काढली, आणि खडू ठेवून भिंतीला टेकून उभी राहिली. मी म्हटले, “उभे राहण्याचाही कंटाळा?” पुढच्या वर्षी ती शाळेत आली नाही. तिचे लग्न झाल्याचे कळले.

त्यानंतर चार वर्षांनी माझे पहिले बाळंतपण झाले आणि मला शाळेचा जिना चढवेना. घरात माझ्याविषयीही तेच शब्द ऐकू येऊ लागले. मीही ते खरे मानू लागले होते. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी माझी खालची पापणी ओढून पाहिली आणि रक्त तपासायला पाठविले. हिमोग्लोबीन साडेसहा निघाले. ते बाराच्या खाली असू नये. भगिनींनो, मी रोज फळ्यावर पेशी काढीत होते, तिच्यात तंतुकणिका काढीत होते, बाण काढून प्राणवायू दाखवीत होते. आणि माझ्या स्वतःच्या पेशींची मला वार्ता नव्हती. त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर मला ती मुलगी आठवली. तिला पांडुरोग होता की नव्हता, हे मला आज सांगता येत नाही, कारण मी तिला कधी विचारलेच नाही. ज्याची उत्तरे मी मुलींकडून पाठ करून घेत होते, तोच प्रश्न मी तिला विचारला नाही.

विचारणारी एक बाई मात्र होऊन गेली आणि तिने ते आपल्याच मुंबईत विचारले. तिचे नाव डॉक्टर लूसी विल्स. १९२८ साली ती इंग्लंडहून मुंबईला आली. त्या वेळी गिरणीत काम करणाऱ्या गरीब बायका गरोदरपणी पांढऱ्याफटक पडत आणि कित्येक दगावत. रोगजंतू सापडेना. विल्सबाई त्या बायकांच्या घरी काय शिजते, त्या काय खातात, हे पाहत गेल्या. अन्नात काहीतरी कमी आहे असे त्यांच्या ध्यानात आले आणि त्यांनी यीस्टचा अर्क देऊन पाहिला. पाव फुगविण्यासाठी घालतात ते यीस्ट. हवा मिळाली तर तंतुकणिकांवर जगणारे आणि न मिळाली तर साखर आंबवून जगणारे. इंग्रज लोक पावाला लावून खातात तो मार्माइट नावाचा स्वस्त, काळपट अर्क यीस्टचाच. तो घेऊन त्या बायका सुधारल्या. १९३१ साली विल्सबाईंनी हे जगापुढे मांडले. त्या अर्कातील गुणकारी पदार्थ म्हणजे फॉलिक आम्ल. हे नाव पानावरून पडले आहे, कारण पुढे ते पालकाच्या पानांतून वेगळे करण्यात आले. आणि प्रयोगशाळेत ते प्रथम तयार झाले १९४५ साली, अमेरिकेतील लेडर्ली कंपनीत, सुब्बारावांच्या देखरेखीखाली. तेच आपले भीमवरमचे सुब्बाराव!

आज उपकेंद्रातून ताई तुमच्या घरी जी लोहाची गोळी आणून देते, तिच्यात लोहाबरोबर हेच फॉलिक आम्ल असते. मुंबईच्या गिरणीतील त्या अनाम बायकांचे हे देणे आहे. किशोरवयीन मुलींसाठी निळी गोळी, आठवड्याला एक. गरोदर बाईसाठी लाल, रोज एक, १८० दिवस. पुष्कळ जणी ती डब्यात साठवून ठेवतात, हे मला ठाऊक आहे. गोळीने शौचाला काळे होते, कधी मळमळते. त्यात भिण्यासारखे काही नाही. रात्री जेवणानंतर घ्यावी. गोळीबरोबर किंवा जेवणाला लागून चहा मात्र घेऊ नये, तो लोह अडवितो. लिंबू पिळावे, आवळा खावा, त्याने लोह अंगी लागते. अंबाडीची भाजी, तरोटा, चवळी, तीळ, अळीवाचे लाडू हे सारे आपल्या घरचेच आहे. भाजी लोखंडी कढईत करावी. आणि जी शिजवते तिनेही ती ताटात वाढून घ्यावी, पातेले पुसून नव्हे.

एक सावधगिरी मात्र सांगते. आपल्या विदर्भात सिकलसेल नावाचा रक्ताचा आनुवंशिक रोग आहे. त्यात प्राणवायू सोडताच तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक नळ्यांत अडकते आणि १२० दिवसांऐवजी दोनतीन आठवड्यांतच मोडून पडते. तो केवळ लोहाच्या गोळीने जात नाही. म्हणून रक्त कमी आढळले तर कारण कोणते, हे डॉक्टरांना विचारावे. याच्या निर्मूलनासाठी केंद्र सरकारने २०२३ साली देशभर मोहीम सुरू केली आहे. लग्नाआधी पत्रिका पाहणाऱ्यांनी मुलाचे आणि मुलीचे रक्तही तपासून घ्यावे. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला हा रोग होण्याचा संभव चारात एक असतो.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, आपल्या महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक, शेकडा ५४, स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबीन कमी आढळले. म्हणजे आज या मांडवातही दर दुसऱ्या खुर्चीवर ती बसलेली असू शकेल. ती कोण, हे चेहरा पाहून मला सांगता येणार नाही. बोटाच्या एका थेंबाने सांगता येईल.

म्हणून आपल्या मंडळापुढे माझी एक विनंती आहे. दरवर्षी वर्धापनदिनी आपण हळदीकुंकू करता, वाण देता. यापुढे त्याच दिवशी आरोग्य केंद्रातील परिचारिकेला बोलवावे आणि येणाऱ्या प्रत्येकीचे, सासूचे आणि सुनेचेही, हिमोग्लोबीन मोजावे. खर्च फारसा नाही. चिटणीसबाईंनी आकडा वहीत लिहून ठेवावा आणि पुढल्या वर्षी पुन्हा पाहावा.

आणि ज्या बाईंनी मला हा विषय दिला त्यांना सांगते: बाई, तुमच्या सुनेला मी आजारी ठरवीत नाही. ती खरोखरीच आळशीही असेल; आळशी माणसे जगात आहेतच. पण कपाशीने मान टाकली तर तुमचे घर आधी बांधावर जाऊन पाहते. तेवढे तिच्यासाठीही करा. उद्या तिला घेऊन केंद्रात जा, आणि स्वतःचेही बोट पुढे करा.